उबेच्या कपाटातली बाटली

रविवारी बारा वाजले की बेकरीचं शटर खाली यायचं आणि मागच्या खोलीतल्या लांब लाकडी टेबलाभोवती सगळं घर जेवायला बसायचं. तीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता. त्या रविवारी शटर अकरालाच खाली आलं. टेबलाभोवती माणसं होती, पण एकाच्याही पुढ्यात ताट नव्हतं. मधोमध भाच्याचा मोबाइल पडला होता आणि सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जसा काही तो आता उठून चावणार आहे.

आत्या भट्टीच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. बेकरी नावाला धाकट्या भावाची. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, बेकरी आत्याची. नवरा गेल्यावर सव्विसाव्या वर्षी ती एका ट्रंकेनिशी माहेरी आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ मळायला उभी राहिली. आता पासष्टीला टेकली तरी पीठ तिच्याच हाताचं आणि भट्टी तिच्याच धाकातली. भाऊ साठीचा झाला होता, पण तिला विचारल्याशिवाय पिठात मीठ टाकायची त्याची अजून छाती नव्हती.

"परत वाच," भाऊ म्हणाला.

"बाबा, तीनदा वाचलं."

"मग चौथ्यांदा वाच."

भाच्यानं मोबाइल उचलला. चौतीस वर्षांचा बाप्या, पण घरात सगळ्यांचा अजून बाळ्याच. "लघवीची जंतूंसाठी तपासणी. तीनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू. वाढ भरपूर. अधिक माहितीसाठी प्रयोगशाळेशी संपर्क साधावा."

"भरपूर," भावजय पुटपुटली. "भरपूर म्हणजे गं बाई किती?"

टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी, बाळ्याची बायको, घरची सून, बसली होती. चौथा महिना. तोंडावर काही नव्हतं, ना रडू ना राग. दोन्ही हात पोटावर होते, एवढंच. आत्याला ते हात बघवेनात म्हणून ती भट्टीच्या दाराकडे बघत राहिली.

तीन वर्षांपूर्वीचं कुणी बोलत नसे, पण विसरलंही कुणी नव्हतं. तेव्हा सातवा लागता लागता सुनेला एका दुपारी ताप भरला, संध्याकाळी कळा आल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. लघवीत जंतू होते म्हणे, कधीचे तरी. जळजळ नाही, दुखणं नाही, काहीच नाही. मुकाट्यानं वर चढत गेले. म्हणून या खेपेला नव्या डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, दुखो न दुखो, खुपो न खुपो, तपासायचं म्हणजे तपासायचंच. शुक्रवारी पहिली बाटली गेली होती आणि आज हे उत्तर. डॉक्टरबाई नेमक्या परगावी होत्या, मंगळवारी रात्री येणार.

तेवढ्यात मागच्या दारानं विहीणबाई आल्या. विहीणबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे त्या झाल्या होत्या, गणित झालं नव्हतं. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला. "दाखवा." चष्मा लावून मोबाइलवरचं वाचलं, लेकीकडे एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "मी हिला घेऊन जातेय. आज, आत्ता."

बाळंतपण कुठे करायचं यावरून या दोघी विहिणींचं गेले दोन महिने गोडीगुलाबीनं भांडण चाललं होतं. आत्याला वाटलं, आता भावजय उसळेल. पण भावजय मान खाली घालून म्हणाली, "न्या. खरंच न्या. इथे रात्रंदिवस पीठ उडतंय, भट्टीचा धूर, वन्संचा पहाटे चारपासून आरडाओरडा. पोरीला स्वस्थता म्हणून नाही."

"माझा आरडाओरडा?" आत्या म्हणाली. "मी ओरडले नाही तर या घरात कुणी अंथरुणातून उठेल का?"

"ताई, आत्ता नको," भाऊ म्हणाला.

भाऊसुद्धा! आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पस्तीस वर्षं ज्या भावजयीनं तिच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती आज उघड उघड विहिणीच्या पारड्यात जाऊन बसली होती, आणि भाऊ मूग गिळून बसला होता. बाळ्याचं तर विचारूच नका. तो मोबाइलवर काहीबाही वाचत होता आणि दर ओळीला आणखी पांढरा पडत होता.

"ते वाचणं बंद कर," विहीणबाईंनी जावयाला वर्गातल्या पोरासारखं दटावलं. "खाली लिहिलंय ना संपर्क साधावा? मग साधा. रविवारी उघडी असते का प्रयोगशाळा?"

"दुपारी एकपर्यंत."

"लाव फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

फोन उचलणाऱ्या बाईचा आवाज तरुण होता आणि दमलेला. तिनं क्रमांक विचारला, कागद चाळल्याचा आवाज आला. "हां. हा नमुना घेतला कधी?"

"शुक्रवारी पहाटे पाचला," सून पहिल्यांदाच बोलली.

"आमच्याकडे नोंद अकराची आहे."

"माझ्या पावाच्या फेऱ्या होत्या," बाळ्या म्हणाला. "दुकानांना माल टाकून मग आलो."

"म्हणजे सहा तास. मधे कुठे होती बाटली?"

"फ्रिजमध्ये," बाळ्या ठामपणे म्हणाला आणि मग त्याला आठवलं की त्यानं ती स्वतः ठेवलीही नव्हती आणि काढलीही नव्हती. त्यानं बायकोकडे बघितलं.

"मला कामावर जायची तयारी करायची होती," सून म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात होती. लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. "मी आत्यांच्या हातात दिली. दोन तासांत देता आली नाही तर फ्रिजमध्ये ठेवायची, असं सांगून."

पाच डोकी आत्याकडे वळली.

"ठेवली होतीस ना आत्या?"

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी आत्याला त्यात फारसं काही वाटलं नव्हतं. फ्रिजमध्ये नाही ठेवली तर नाही ठेवली. त्यानं असं काय आकाश कोसळणार? पण विहीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं, आणि या घरात आत्याला जाब विचारायची कुणालाच सवय नव्हती, आत्याला तो द्यायची तर मुळीच नव्हती.

"म्हणजे काय? सांगितलं तशी ठेवली," ती म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

फोनमधल्या बाईनं परत कागद उलटला. मग म्हणाली, "असं असेल तर मात्र आजच दाखवून घ्या. कसं असतं, बाटली उबेत राहिली ना, तर कातडीवरचे दोनचार साधे जंतूसुद्धा तिच्यात चढतात आणि सहा तासांत लाखांनी वाढतात. तसं झालं असतं तर मी म्हटलं असतं, नमुना वाया गेला, दुसरा द्या. पण थंडीत राहूनही एवढी वाढ असेल, तर थांबू नका. डॉक्टर नसतील तर सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. ठेवून घेतील, सुया सुरू करतील. कागदावर दुसरी खेप लिहिलीय, पहिलं बाळंतपण व्यवस्थित झालं होतं ना?"

बाळ्यानं कसंबसं थँक्यू म्हणून फोन बंद केला.

सून उठली. "मी बॅग भरते," ती म्हणाली. "माहीत आहे काय काय लागतं ते." आणि जिन्यानं वर गेली. पावलं एकेक करून ऐकू आली. वरचं दार लोटल्याचा आवाज झाला.

मग एकच गलका. बाळ्या गाडीची किल्ली शोधायला लागला, जी त्याच्या हातातच होती. भावजयीनं तोंडाला पदर लावला. विहीणबाई म्हणाल्या, कुठलं हॉस्पिटल, अंतर किती, रविवारी तिथे कोण असतं, आणि त्यांचा आवाज, जो तीस वर्षं पन्नास पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तो मधेच फाटला.

आत्या तिथेच उभी होती. तिच्या कानात दोनच शब्द राहिले होते. उबेत, आणि सहा तासांत.

कारण बाटली फ्रिजमध्ये नव्हतीच. शुक्रवारी पहाटे सुनेनं ती हातात दिली तेव्हा आत्यानं फ्रिज उघडला होता. आत लोण्याचे डबे, साय, केकवरच्या क्रीमची भांडी, सगळं कसं आरशासारखं चकचकीत मांडलेलं. आणि त्यात ही? लोण्याच्या मांडीला मांडी लावून? या हयातीत नाही! घरात कुणी हात न धुता पिठाला बोट लावलं तर आत्या त्याचं बोट मोडायला कमी करत नसे. पण बाटली तर जपायला हवी. नाजूक गोष्ट, सुनेच्या पोटातल्या बाळाची. मग तिनं ती दोन धुतलेल्या फडक्यांत गुंडाळली, पत्र्याच्या डब्यात बंद केली आणि घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली. पीठ फुगायला ठेवतात त्या उबेच्या कपाटात, वरच्या फळीवर. तिच्या लेखी जपण्याची तीच जागा होती. थंडीत गारठून जे मरतं, ते तिथे तगतं.

आणि नुसतं तगतं का? त्या कपाटाची ऊब आत्यानं चाळीस वर्षं तळहातानं मोजली होती. मूठभर खमिराचं सहा तासांत तिथे काय होतं, हे तिच्याएवढं कुणाला माहीत होतं? तिनंच तर घरातल्या प्रत्येकाला शिकवलं होतं की बाबांनो, हे जिवंत असतं, दिसत नाही पण जिवंत असतं, ऊब मिळाली की एकाचे हजार होतात. अख्खं आयुष्य त्यावर भाकरी खाल्ली आणि नेमकं तेव्हाच डोकं कुठे गहाण पडलं होतं?

आता बोललं तर विहिणीसमोर नाक कापलं जाणार. आणि नाही बोललं तर वर ती पोर मागच्या वेळची बॅग भरत होती.

"थांबा," आत्या म्हणाली.

कुणी थांबलं नाही.

"अरे थांबा म्हणते ना! फ्रिजमध्ये नव्हती ती. कपाटात होती. उबेच्या."

बाळ्याच्या हातातली किल्ली टेबलावर पडली.

"कुठल्या कपाटात?" भावजयीनं हळूच विचारलं, जसं काही घरात उबेची दहा कपाटं होती.

"पावाच्या."

"वन्सं!"

"सहा तास?" विहीणबाई म्हणाल्या.

"सहा तास. पहिल्या घाण्यापासून तिसऱ्या घाण्यापर्यंत. खोटं बोलले मी मघाशी. लोण्याशेजारी ठेववेना मला." आत्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा इतका लहान निघाला. "काय बोलायचं ते बोला. पण तिला हॉस्पिटलात नेऊन सुया टोचू नका माझ्या खोटेपणापायी. आधी त्या बाईला परत फोन लावा."

बाळ्यानं फोन लावला. घाईत दोनदा चुकला. पलीकडच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पाव फुगवायच्या कपाटात?" आणि त्या दमलेल्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "अहो, आम्ही इथे जंतू वाढवायला मुद्दाम ठेवतो ना, त्या पेटीत असते तेवढीच ऊब दिलीत तुम्ही. बरं झालं सांगितलंत. ताप आहे का तिला? पाठीत दुखतंय? नाही ना? मग या नमुन्याचा काही अर्थ नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. उद्या सकाळी नवा द्या. स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधली घ्यायची, आणि दोन तासांच्या आत इथे. ताप आलाच तर मात्र थांबू नका."

फोन बंद झाला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा नाही पडला, अर्धा पडला. पण अर्धा तरी पडला. बाळ्या मटकन खुर्चीवर बसला.

"आत्याबाई," विहीणबाई संथपणे म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्ही माझ्याकडे पाव पाठवला होतात. तो याच कपाटातला?"

आत्यानं मान हलवली. "झाकण घट्ट होतं. वर दोन फडकी. वर डबा."

"मी फोन करून कौतुक केलं होतं त्याचं!"

पहिल्यांदा भाऊ फुटला. त्यानं दाबायचा प्रयत्न केला, पण नाकातून फुर्रकन हसू बाहेर आलं. मग भावजय डोळे पुसता पुसता हसायला लागली, "अगं बाई, अगं बाई" करत. विहीणबाईंनी चष्मा काढला, काच पुसायला घेतली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा सगळ्यांना कळलं की त्याही फुटल्या. एकटी आत्या हसत नव्हती.

"मी सांगते तिला," ती म्हणाली. "कुणी वर येऊ नका."

जिना चढायला तिला गुडघ्यांमुळे वेळ लागला. सून पलंगावर बसली होती. बॅग उघडी होती आणि रिकामी होती. एक टॉवेल तेवढा मांडीवर घडी घालून ठेवला होता. आत्या समोरच्या स्टुलावर बसली आणि काही न लपवता सांगून टाकलं. लोणी, कपाट, खोटं, फोन, सगळं. सून ऐकत राहिली.

"म्हणजे कदाचित काहीच नसेल?" तिनं विचारलं.

"कदाचित नसेल. कदाचित असेल. उद्या नीट बघायचं." आत्यानं साडीचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. "मला कळलंच नाही गं, आत काय वाढतंय ते. बाहेरून बाटली होती तश्शीच दिसत होती."

सुनेनं टॉवेलाची घडी मोडली. मग म्हणाली, "मलाही नव्हतं कळलं, आत्या. तेव्हा. बाहेरून सगळं होतं तस्संच होतं."

आत्याला आपलेच शब्द आठवले. तीन वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, ती भावजयीला म्हणाली होती, 'पोटात एवढं होतंय आणि आईला कळू नये? आमच्या वेळी बायकांना आतल्याचं आत कळायचं.' तेव्हा दुःखात होती, राग कुणावर काढावा कळत नव्हतं, आणि तिची जीभ म्हणजे उचलली की लावली टाळ्याला.

"तू ऐकलं होतंस?"

"पडद्यापलीकडेच तर होते मी, खाटेवर."

"आणि तीन वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलणार? मलाही तेच वाटत होतं. की कळायला हवं होतं." सुनेनं टॉवेल छातीशी धरला. "रोज वाटतं. रोज सकाळी उठून बघते, आज काही दुखतंय का. न दुखलं की जास्त भीती वाटते."

आत्या स्टुलावरून उठून तिच्याशेजारी पलंगावर बसली. कुणाच्या शेजारी बसून समजूत घालायची तिला सवय नव्हती. ती आपली रागवून प्रेम करणारी. "ऐक," ती म्हणाली. "चूक माझी होती. तेव्हाही आणि परवाही. मी म्हणाले ते खोटं होतं. कुण्णाला कळत नाही. मी चाळीस वर्षं ह्याच जिवांच्या जिवावर पोट भरतेय, मला नाही कळलं, तुला कुठून कळणार होतं? तुझं काही चुकलं नव्हतं गं पोरी. मला माफ कर."

मग सून रडली. तेव्हा रडायची राहिली होती तीही रडली बहुतेक, कारण ते लवकर थांबलं नाही. आत्यानं तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि खालून कुणीतरी हाक मारली तर जिन्याकडे बघून अशी काही डरकाळी फोडली की परत हाक आली नाही.

सोमवारी सकाळी बाटली गेली ती वरातीनं. भावानं आइस्क्रीमचा डबा बर्फानं भरून मांडीवर घेतला, बाळ्यानं गाडी चालवली, आणि मागे विहीणबाई हातात घड्याळ धरून. नको नको म्हणत त्या दोन दिवसांसाठी बेकरीतच राहिल्या होत्या, कारण लेक म्हणाली होती, मी कुठे जाणार नाही, इथेच राहणार. "एकोणीस मिनिटं," त्यांनी परत आल्यावर जाहीर केलं. आत्यानं बाटलीला हात लावला नव्हता. लावू का, असंही विचारलं नव्हतं.

बुधवारी दुपारी डॉक्टरबाईंच्या खोलीत सहाजण घुसले. खुर्च्या दोन होत्या.

"एवढे सगळे?" डॉक्टरबाई म्हणाल्या. मग कुणीच हलत नाही बघून त्यांनी कागद उघडला. "ठीक आहे. या वेळचा नमुना अगदी स्वच्छ घेतलाय, त्यामुळे उत्तरही स्वच्छ आहे. एकाच प्रकारचा जंतू आहे. आणि आहे तो उपचार करण्याइतका आहे."

भावजयीच्या तोंडून "अरे देवा" निघालं. बाळ्यानं दाराची चौकट धरली. विहीणबाई, ज्यांनी दोन दिवस सगळ्यांना धीर दिला होता, त्या खाली बघायला लागल्या. आत्यानं डोळे मिटले. आहे. म्हणजे होताच.

"सापडला?" सून म्हणाली.

आवाज वेगळाच होता म्हणून आत्यानं डोळे उघडले. सून खुर्चीत पुढे सरकून बसली होती आणि हसत होती. खरोखर हसत होती, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"सापडला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सात दिवस गोळ्या. बाळाला चालतील अशाच आहेत, आणि हा त्यांना दाद देतो, तेही तपासलंय. गोळ्या संपल्या की आठवड्यानं परत बाटली. मग दर महिन्याला."

"मागच्या वेळी कुणी शोधलाच नव्हता हो," सून म्हणाली. तिनं मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, जसं काही हे त्यांना समजतच नाहीये. "अहो, तोंडं काय पाडताय? या वेळेला तो सापडला!"

पहिली गोळी तिनं बेकरीत आल्या आल्या घेतली, सगळ्यांच्या देखत, भावजयीनं आणलेल्या पाण्याच्या तांब्यातून. बाळ्यानं आठ आठ तासांचे गजर लावले, विहीणबाईंनी ते तपासून त्यातला एक चुकलेला काढला. मग जो तो आपापल्या कामाला लागला. चारचा घाणा भरायचा होता. आत्या टेबलावर गोळे करत होती आणि सून तिच्या समोर बसून बोलत होती, दुकानात आलेल्या कुणा गिऱ्हाइकाची गंमत, ज्यानं उलटा चष्मा घालून नंबर चुकलाय म्हणून भांडण काढलं होतं. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर राहिलं. आत्यानं मान वर केली. पिठानं पांढऱ्या झालेल्या टेबलावर, हातावर डोकं ठेवून, सून झोपली होती.

"अगं, वर जाऊन—" भावजय म्हणाली, आणि आत्यानं तिच्याकडे बघितल्यावर गप्प झाली. चार महिने ही पोर तुकड्यातुकड्यांनी झोपत होती. रात्री दोनला पाणी प्यायला उठलं तरी तिच्या खोलीत दिवा दिसायचा. आत्ता तोंड किंचित उघडं होतं आणि गालाला पीठ लागलं होतं.

आत्यानं रेडिओ बंद केला. भावाला खूण करून पावाचे पत्रे उचलायचं थांबवलं. बाळ्या शीळ घालत आत आला, त्याचा तिनं दंड धरून त्याला तसाच उलटा बाहेर काढला. मग ती भट्टीकडे वळली आणि थांबली.

भट्टीचं लोखंडी दार उघडताना पूर्ण गल्लीला कळत असे. त्याला तेल घालून, कापूस लावून, शिव्या घालून झालं होतं. ते वाजायचं ते वाजायचंच. आणि पलीकडे सहा पत्र्यांवर चारचा घाणा तयार होता, अगदी टम्म. आत्ता आत गेला तर गेला. पंधरा मिनिटं उशीर झाला तर फुगून खाली बसणार, आंबट होणार, टाकून द्यावा लागणार. एकोणचाळीस वर्षांत आत्यानं एक घाणा वाया घालवला नव्हता. अंगात ताप असताना नाही, आई गेली त्या दिवशीही नाही.

भाऊ तिच्याकडे बघत होता. "ताई, काय करायचं?" त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं.

आत्यानं हात पुसले आणि दोन्ही तळवे खाली दाबून दाखवलं, राहू दे.

पुढे काउंटरवर विहीणबाई उभ्या राहिल्या होत्या, कारण कुणीतरी उभं राहायला हवंच होतं. सव्वाचारला पावासाठी रांग लागायला सुरुवात झाली. सगळ्यांत पुढे पोस्टमन होता, ज्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा.

"आत्या!" तो ओरडला. "ताजा पाव कुठाय?"

आत्या मागच्या दाराचा पडदा सारून बाहेर आली. ओठांवर बोट ठेवून.

"आज नाही पाव," ती कुजबुजली.

पोस्टमनचं तोंड उघडं राहिलं. मागच्या रांगेतही चुळबुळ झाली. आत्या कुजबुजते हे त्या गल्लीत कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि चारला पाव नाही, हेही.

"का हो?" त्यानंही आपोआप आवाज खाली आणला. "काय झालं?"

"काही झालं नाही," आत्या म्हणाली, आणि मागे वळून पडद्याच्या फटीतून एकदा आत बघून घेतलं. "काहीसुद्धा झालं नाही रे बाबा. पोरगी झोपलीय आमची."